चिमाक्काचा दम

बसा. ज्यांना दम लागलाय त्यांनी बसा, आणि ज्यांना लागला नाही असं वाटतंय त्यांनी आधी बसा, तुमची फुललेली नाकं मला इथून दिसताहेत. लगेच पाणी पिऊ नका. गुळाचा खडा तोंडात धरा आणि गप ऐका.

हा पाहुणा मघापासून भांडतोय की त्याच्या बाजूला एक गडी कमी आहे. बाबा, समोरच्या बाजूलाही एक कमीच आहे, ते तू मोजलं नाहीस. तू आत्याकडे पहिल्यांदाच आलास, तुला ठाऊक नाही, म्हणून रागवत नाही. पण आमच्या तिरमाळ गावात या खळ्यावर उभं राहून असं पुन्हा बोलू नकोस. का, ते सांगतो.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणाली, "लई वर्सांमागची," आणि पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा गावात एकही कौलारू घर नव्हतं, सगळी छपरं गवताची. नदी आजच्यापेक्षा जवळून वाहायची असं म्हणतात. आणि गावामागच्या माळावर, जिथं आता नुसती गुरं चरतात, तिथं पेवं होती.

पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वरून पाहिलं तर एक माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आणि आत रांजणासारखं पोट. आपल्या माळाची माती चिवट, तिच्यात पाणी मुरत नाही, म्हणून आपल्याकडे पेवं टिकायची. आतून सारवायचं, कडब्याचा थर द्यायचा, वर ज्वारी ओतायची, मग तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी दाणा किडायचा नाही. किडणार कसा? किड्यालाही श्वास लागतो, आणि बंद पेवात श्वास नसतो. तिथं एक वाफ तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती छातीत गेली की माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो आणि परत उठत नाही.

म्हणून गावाची रीत होती. पेव उघडलं की त्या दिवशी कुणी आत उतरायचं नाही. तोंडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं, म्हणजे गुरं आणि पोरं लांब राहतील. दुसऱ्या दिवशी दोराला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर आणखी वाट बघायची. पेव उघडायचा आणि दिवा सोडायचा मान शिदू पेवकऱ्याच्या घराला होता. शिदूचा बाप पेवातच गेला होता, दुसऱ्या कुणाला काढायला म्हणून उतरला आणि वर आलाच नाही. त्यामुळे शिदू या रीतीच्या बाबतीत देवाचंही ऐकायचा नाही.

चिमाक्का ही शिदूची बायको. उंच, हाडापेराची, कमी बोलणारी. तिची मुलं एका पावसाळ्यात तापानं गेली. एकामागून एक, सगळी गेली. त्यानंतर ती पाण्याला जायची आणि घरी यायची, एवढंच. कुणाशी बोलणं नाही, रडणं नाही. छातीत काहीतरी धरून बसल्यासारखी दिसायची, असं म्हणतात.

सुगी सरली होती, खळं मोकळं झालं होतं. हेच खळं, जिथं तुम्ही बसलाय. चोपून सारवलेली जमीन, पडलं तरी गुडघा फुटत नाही, म्हणून मळणी संपली रे संपली की पोरांचा हुतूतू इथं सुरू व्हायचा. एका संध्याकाळी चिमाक्का घागर घेऊन कडेनं निघाली होती. कुंभाराचा केरबा पोरांचा म्होरक्या. त्यानं मोजणी केली तर एका बाजूला माणूस कमी. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हाक मारली, "चिमाक्का, गडी कमी हाय. येतीस का?"

बाकीची पोरं जीभ चावून उभी राहिली. मोठ्या बाईला कुणी असं विचारतं का? त्यातून जिच्या घरात सुतक जुनं झालेलं नाही, अशा बाईला?

चिमाक्का थांबली. म्हणाली, "मला येत न्हाई रं."

"येतंय की! हुतूतू म्हणत पल्याड जायचं आन् दम न तोडता परत यायचं. दम तुटला तर बाद."

तिनं घागर खाली ठेवली. पदर खोचला. मधल्या रेघेपाशी आली, छाती भरून श्वास घेतला आणि पल्याड गेली. "हुतूतूतूतू..." पोरं धरायला धावली. ही याला शिवली, त्याला शिवली, कडेनं फिरली, पुन्हा मध्ये आली. आवाज चालूच. पोरं पळून पळून दमली, काही हसून हसून खाली बसली. शेवटी केरबा ओरडला, "आगं श्वास घे की आता!" तेव्हा ती रेघेवर परत आली, आणि हसली. त्या पावसाळ्यानंतर ती पहिल्यांदा हसली, आणि मग तिथंच, रेघेवर बसून, पोटभर रडली. पोरं भोवती उभी राहिली. काय करावं कुणाला कळेना. मग गुरवाची अंबी, सगळ्यांत धाकटी, तिच्या पाठीवर चढून बसली आणि म्हणाली, "आता माझी पाळी."

त्या दिवसापासून चिमाक्का रोज खळ्यावर यायची. तिच्या दमाच्या गोष्टी तर काय सांगू! ती खळ्यावरून हुतूतू म्हणत निघायची, ओढ्यावर जायची, घागर भरून परत यायची, तरी दम तोच असायचा, असं म्हणतात. कडेला बसलेली म्हैस कंटाळून घरी निघून जायची, तरी हिचा आवाज चालू. पण जिंकायची तिला जराही हाव नव्हती. अंबीनं घोटा धरला की ही एवढी धिप्पाड बाई हटकून आडवी व्हायची. सुताराचा गुंडू भांडायचा, "मुद्दाम पडलीस तू!" ती म्हणायची, "पडले न्हाई रं, तिनं पाडलं मला. हात बघ तिचा, लोखंडाचा हाय." मग अंबी सगळ्यांना हात दाखवत फिरायची. केरबाची मात्र एकच हौस. चिमाक्का समोरच्या बाजूला पाहिजे, आणि तिला खरोखरीचं धरायचं. ते त्याला कधी जमलं नाही.

तिच्याकडून पोरं दम धरायला शिकली. ओढ्यात डोकं बुडवून बसायची, झाडावर गाल फुगवून बसायची. घरोघरी आया वैतागल्या, कारण पोरं हाकेला ओ देईनात, दम तुटेल म्हणून.

आता गाव म्हटलं की बोलणारी तोंडं आलीच. कुणी म्हणायचं, पोटची पुरली आणि ही नाचते. कुणी म्हणायचं, नाचू द्या, जीव रमतो तिचा. पण एक माणूस होता, त्याला हे बघवत नव्हतं. हैबतराव पाटील. दुष्ट नव्हता हो. त्याचा एकुलता एक मुलगा तरणाताठा गेला होता आणि मागं राहिला होता नातू, रत्नू. पाटील त्याला ऊन लागू देत नव्हता, वारा लागू देत नव्हता. आणि हा रत्नू रोज संध्याकाळी वाड्याच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून खळ्यावर यायचा. पाटलाच्या मनात एकच भीती बसली होती. जिच्या घरात पोर टिकलं नाही तिची सावली आपल्या पोरावर नको.

एक दिवस तो काठी घेऊन खळ्यावर आला. पोरं रेघेपासून मागं सरली.

"चिमे," तो म्हणाला, "तुझ्या घरात पोर टिकत न्हाई. दुसऱ्याच्या पोरांत शिरू नगंस."

चिमाक्का खाली बघत म्हणाली, "पाटील, घरात बसले की छाती भरून येती. हितं आले की मोकळी हुती. पोरास्नी काय कमी होतंय का माझ्यामुळं?"

"उद्यापासनं खळं बंद," पाटील म्हणाला. "ह्यो रत्नू कुणाबरुबर खेळताना दिसला तर त्या पोराची पाठ आन् माझी काठी."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर काट्या पडल्या. बाभळीच्या सुकलेल्या, बोटभर काट्यांच्या फांद्या, सगळ्या खळ्यावर पसरलेल्या. आणि त्या काट्या आणल्या कुठून? माळावरून. पेव उघडल्यावर भोवती घालायला शिदूनं ज्या रचून ठेवल्या होत्या, त्याच पाटलानं गाडीत भरून आणवल्या. शिदू म्हणाला, "पाटील, त्या काट्या पेवाच्या हाईत." पाटील म्हणाला, "मग नव्या तोड." एवढंच बोलणं झालं. पुढं जे झालं ते या एवढ्या बोलण्यातून झालं, हे लक्षात ठेवा.

चिमाक्का पुन्हा घरात बसली. आपल्यापायी पोरांच्या पाठीवर वळ नकोत, म्हणून ती खळ्याच्या वाटेनंही जाईना. पण पोरं कुठली ऐकतात? त्यांनी दुसरी जागा शोधली. पेवांचा माळ. तिथं मोठी माणसं एरवी फिरकत नसत. शिळांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी पायानं रेघ ओढली आणि खेळ सुरू केला. पण गावात आवाज जायला नको, म्हणून ती पोरं हुतूतू कुजबुजत खेळायची. ओठातल्या ओठात, "हुतूतूतू..." धरलं तरी ओरडायचं नाही, पडलं तरी हसायचं नाही. माझी आजी म्हणायची, हसल्याशिवाय खेळणारी पोरं गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पाहिली म्हणजे काय, पाहिलीच नाहीत. तेच तर झालं.

मग तो दिवस आला. घराघरातले दाणे संपत आले होते, म्हणून शिदूनं दुपारी एक पेव उघडलं. आधी एकदा काढून अर्धं रिकामं झालेलं आणि पुन्हा लिंपलेलं असं ते पेव होतं. शिळा बाजूला सारली, आतली उबट वाफ तोंडावर आली, शिदू मागं सरला. आता सवयीनं कुंपण घालायला वळला, तर काट्या कुठं? त्या खळ्यावर. तो कुऱ्हाड घेऊन ओढ्यापलीकडं नव्या काट्या तोडायला गेला. माळावर पोरं येतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पेवाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

उन्हं कलली तेव्हा पोरं माळावर आली. केरबा, गुंडू, अंबी, रत्नू आणि आणखी काही. खेळ रंगला होता. एवढ्यात कडेला उभा असलेला पोरगा म्हणाला, "पाटील!" पाटील काठी टेकत माळाकडंच येत होता. त्याला रत्नू घरात सापडला नव्हता.

पोरं पांगली. काही ओढ्याकडं पळाली. पण अंबी धाकटी, तिला पळता येईना, केरबानं तिचा हात धरला. रत्नू तर जागेवरच थिजला होता. माळावर लपायला एक झुडूप नाही. होतं ते फक्त उघडं पेव.

पेवात वाफ असते हे तिरमाळच्या पोरांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण पाटलाची काठी त्यांना जास्त ठाऊक होती. आणि आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती, किंवा तसं त्यांना वाटत होतं. केरबा म्हणाला, "दम धरायचा. पाटील पुढं गेला की वर यायचं. चिमाक्कासारका धरायचा." दुसऱ्या कुठल्या गावच्या पोरांना ही चूक सुचली नसती. भिंतीतल्या खोबण्यांत पाय ठेवून केरबा, गुंडू, अंबी आणि रत्नू आत उतरले आणि ज्वारीवर उभे राहिले.

पाटील माळावर आला. कुणी दिसलं नाही. चढ चढून त्याला धाप लागली होती. समोर पेवाची बाजूला सारलेली शिळा होती. तो तिच्यावर बसला.

तो बसला, त्यानं काठी आडवी ठेवली, पागोटं काढलं, घाम पुसला. आणि खाली, त्याच्या पायापासून काही हातांवर, त्याचा नातू दम धरून उभा होता, पाटील जायची वाट बघत.



मग पाटलाला आवाज आला. अगदी बारीक, जमिनीतून आल्यासारखा. "हुतूतूतू..." अंबी धाकटी होती, तिला नुसता दम धरायला जमत नव्हतं. तिला वाटलं, खेळ अजून चालू आहे. केरबानं तिला खांद्यावर घेतलं होतं, म्हणून तिचं डोकं इतरांपेक्षा वर होतं, तरी वरून हात पुरेल एवढं नाही. पाटील ताडकन उठला. "अजून खेळताय व्हय रं?" तो ओरडला आणि काठी उचलून इकडं तिकडं बघू लागला. आणि आवाज थांबला.

तेव्हा त्यानं पेवात पाहिलं. अंबीची वेणी दिसली, आणि तिच्याखाली काळोख.

पाटलानं फोडलेली किंकाळी ओढ्यापलीकडं शिदूनं ऐकली. ओढ्यावर धुणं धूत असलेल्या चिमाक्कानं ऐकली. गाव धावत आलं. शिदूचा दोर आणि दिवा नेहमी माळावरच्या खोपीत असायचा. त्यानं दिवा लावला, दोराला बांधला, आत सोडला. तोंडातून खाली गेला आणि विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला.

शिदूनं दोर वर ओढून घेतला. तो म्हणाला, "दिवा ऱ्हाईना. कुणी उतरायचं न्हाई. उतरला तो मेला. आमच्या बाच्या वक्ताला बघितलंय म्या." गावातल्या धडधाकट माणसांनी माना खाली घातल्या. त्यांना दोष देऊ नका. शिदू खरं तेच बोलत होता.

चिमाक्का पुढं आली. ओला पदर तिनं कमरेला करकचून खोचला.

"दिव्याला दम धरता येत न्हाई," ती म्हणाली. "मला येतो."

"चिमे, येडी हाईस का?"

"दोर बांधा मला. आन् ध्यानात ठेवा, माझा आवाज येतोय तवर दोर ओढायचा न्हाई. आवाज तुटला की ओढा."

पाटील तिच्यापुढं आला. "आधी माझा रत्नू काढ," तो म्हणाला. "आधी रत्नू."

"आत अंधार हाय, पाटील," ती म्हणाली. "हाताला येईल ते पोर."

ती पेवाच्या तोंडाशी उभी राहिली, जशी रेघेपाशी राहायची. छाती भरून श्वास घेतला. आणि सगळ्या गावानं तो आवाज ऐकला, जो त्यांनी खळ्यावर बंद केला होता. "हुतूतूतूतू..." तो आवाज खाली गेला, पेवाच्या पोटात घुमला, आणि वर आला तो अंबीला काखेत घेऊन. अंबीला मातीवर झोपवलं, तिच्या तोंडावर पाणी मारलं, आणि ती खोकली. तिची आई तिथंच कोसळली.

चिमाक्कानं श्वास घेतला आणि पुन्हा उतरली. आवाज खाली गेला. या खेपेला गुंडू आला, निळा पडलेला, पण आला.

तिसऱ्या खेपेला आवाज बराच वेळ एका जागी राहिला. मग ती केरबाला घेऊन वर आली. केरबा गेला होता. तो उभाच होता, असं म्हणतात. खांद्यावर अंबीला घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला होता, आणि तिला वर काढल्यावरही खाली बसला नव्हता. त्याची बोटं खोबणीतून सोडवायला चिमाक्काला वेळ लागला होता. केरबाच्या आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "याचा दम लई मोठा होता." तेव्हा माळावर कुणाला तिच्याकडं बघवेना.

चिमाक्का पेवाच्या काठावर पालथी पडली होती. ओठ काळे झालेले, डोळे तांबडे. शिदूनं तिला धरलं. "चिमे, बास. आता तुझ्यात काय ऱ्हायलं न्हाई."

ती म्हणाली, "अजून एक गडी आत हाय."

त्या वेळी पाटलानं आपलं पागोटं तिच्या पायांवर ठेवलं, असं म्हणतात. काही जण म्हणतात, तो नुसताच उभा होता, त्याला हातपाय हलवता येत नव्हते. मला हे दुसरं खरं वाटतं. चिमाक्कानंही त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं श्वास घेतला. तो पूर्वीसारखा भरला नाही, हे शिदूला कळलं. ती उतरली.

"हुतूतूतू..." आवाज खाली गेला. पातळ झाला, पण तुटला नाही. मग दोराला हिसका बसला. माणसं थबकली. आवाज तर येतोय, मग ओढायचं कसं? पुन्हा हिसका बसला. शिदूनं आवाजाकडं कान लावून दोर ओढला. दोर जड नव्हता. वर आला तो रत्नू. चिमाक्कानं कमरेचा दोर सोडून त्याच्या काखेत बांधला होता. दोघांचा भार घेऊन चढायची ताकद तिच्यात राहिली नव्हती, हे तिला खालीच कळलं होतं.

रत्नूच्या छातीवर हात ठेवला तर ती हलत होती. पाटलानं त्याला उचलून घेतलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

शिदूनं दोर परत आत टाकला. "धर, चिमे! धर! धरलास का?" खालून उत्तर नाही. फक्त आवाज, "हुतूतूतू..." बोलायचं तर दम तोडावा लागतो, आणि दम तोडला तर वाफ छातीत जाते. शिदू दोर हलवत राहिला, हाका मारत राहिला. दोराला कुणी हात लावला नाही. तो उडी टाकायला निघाला तेव्हा गावानं त्याला धरून ठेवलं. त्याचीच रीत त्याला ऐकवली.

आवाज मात्र येत होता. दिवस बुडाला तरी येत होता. दिवा सोडला, विझला. आवाज होताच. गाव माळावरून हललं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा दिवा आत टिकला, आणि दिवा टिकल्याबरोबर आवाज दूर जाऊ लागला, जसा चढाईला गेलेला गडी पल्याड लांब जातो तसा. तुटल्याचं कुणीही ऐकलं नाही. शिदूनं नाही, पाटलानं नाही, कान लावून बसलेल्या आयांनी नाही.

शिदू उतरला. चिमाक्का भिंतीशी बसली होती, एक हात वर करून. हात सगळ्यांत खालच्या खोबणीवर टेकलेला होता.

केरबा आणि चिमाक्का यांना गावानं एकाच दिवशी पोचवलं.  परत येताना गुंडूनं विचारलं, "दम तुटला न्हाई. मग ती बाद कशी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील एकटा खळ्यावर आला. त्यानं काट्या उचलायला सुरुवात केली, उघड्या हातांनी. गडी मदतीला धावले तर त्यानं त्यांना परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत खळं मोकळं झालं आणि त्याचे हात कोपरापर्यंत फाटले होते. त्या काट्या त्यानं स्वतः गाडी हाकत माळावर नेल्या आणि पेवाभोवती रचल्या. मग तो खळ्याच्या कडेला येऊन बसला. त्यानं पोरांना बोलावलं नाही. त्याला तोंडच नव्हतं. कितीतरी संध्याकाळी तो तसा बसून राहिला आणि खळं रिकामंच राहिलं, असं म्हणतात.

शेवटी अंबी आली. मागून गुंडू आला. मग बाकीची आली. रत्नूही आला, पण त्याच्या छातीत पुढं कधीच दम राहिला नाही. तो जन्मभर रेघेपाशी बसून दुसऱ्यांचा दम ऐकायचा. पोरांनी दोन बाजू केल्या. एका बाजूला केरबाची जागा रिकामी होती. चिमाक्का त्याला नेहमी समोरच लागायची, म्हणून दुसऱ्या बाजूला तिची जागा रिकामी ठेवली. आणि अंबी माळाकडं तोंड करून ओरडली, "चिमाक्का, गडी कमी हाय! येतीस का?"

पेवं आता बुजली. शिदूचं घर राहिलं नाही, पाटलाचा वाडाही राहिला नाही. पण या खळ्यावर आजही कुणी काठी घेऊन येत नाही. म्हातारा असला तरी काठी पलीकडं टेकवून, कुणाच्या खांद्याला धरत येतो. माझी काठी तिकडं आहे, बघा. इथं कोण जिंकलं ते कुणी मोजत नाही. इथं ओठातल्या ओठात खेळायला मनाई आहे, हसू आलं तर मोठ्यानं हसायचं. दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी सोडायची. आणि डाव सुरू करायच्या आधी सगळ्यांत धाकट्या पोरानं माळाकडं तोंड करून हाक मारायची, मग सगळ्यांनी दम धरून उत्तराची वाट बघायची.

हो, तो आवाज ऐकलाय मी. लहानपणी एकदा. वारा असेल, असं माझा बाप म्हणाला. पण त्यानंही दम धरला होता, तो सोडायला त्याला बराच वेळ लागला.

उठा आता, उजेड आहे तोवर एक डाव होईल. आणि पाहुण्या, तुझ्यापेक्षा धाकटं इथं कुणी दिसत नाही. तूच मार हाक.